अलिबागच्या नोंदीत चुंबकीय वादळापूर्वी रेषा वर का चढते?

मुरूडचा शिक्षक:
विद्यार्थ्यांसह अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत गेलो असता एका चुंबकीय वादळाचा आलेख पाहिला. वादळात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षीण होते, असे मी आजवर शिकवत आलो; पण तेथे क्षितिजसमांतर घटकाची रेषा आधी काही मिनिटांतच वर चढली होती आणि घसरण बरीच नंतर सुरू झाली होती. ही चढण कशाची? आयनांबराशी, म्हणजे वातावरणाच्या वरच्या वीजवाहक थराशी, तिचा संबंध आहे का?

पनवेलचा वाचक:
सर, ती चढण सौर वाऱ्याच्या, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताच्या, दाबाची आहे. हा दाब वाऱ्याची घनता आणि वेगाचा वर्ग यांवर ठरत असल्याने सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर हा नेहमीचा वेग दुप्पट झाला, तरी दाब चौपट होतो. सूर्याकडील बाजूस चुंबकांबराची (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अंमल असलेल्या प्रदेशाची) सीमा एरवी पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे 10 पृथ्वीत्रिज्यांवर असते. दाब चौपट झाला की ती 8 त्रिज्यांपर्यंत आत रेटली जाते. त्या सीमेवरून वाहणारा विद्युत प्रवाह बळावतो, जवळही येतो, आणि आपल्या अक्षांशावर त्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात मिळून रेषा चढते. नंतरची घसरण वलयप्रवाहामुळे, म्हणजे पृथ्वीभोवती अवकाशात वलयासारख्या फिरणाऱ्या विद्युत प्रवाहामुळे, होते आणि त्यासाठी सौर वाऱ्यातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असावे लागते. ही दोन कारणे वेगळी आहेत, हे मुलांना आवर्जून सांगावे. नुसता दाब वाढून वादळ न होणे अगदी शक्य आहे. दाब एकाएकी उतरला, तर रेषाही उतरते.

रत्नागिरीहून:
आयनांबराविषयी थोडी भर घालतो. या धक्क्याने ध्रुवीय प्रदेशात क्षेत्ररेषांना धरून प्रवाह उतरतात आणि त्यांचे विद्युत क्षेत्र जवळजवळ तत्क्षणी विषुववृत्तापर्यंत पोचते. दिवसा तेथील आयनांबर अधिक वाहक असते, म्हणून चुंबकीय विषुववृत्तालगतच्या तिरुनेलवेलीत हीच उसळी अलिबागपेक्षा मोठी नोंदली जाते. रात्री हा फरक फारसा उरत नाही.

मुरूडचा शिक्षक:
आभारी आहे. एवढी सूक्ष्म उसळी स्पष्ट कशी टिपली जाते?

पनवेलचा वाचक:
अलिबागचे क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे 38,000 नॅनोटेस्ला आहे आणि उसळी बहुधा काही दशक नॅनोटेस्लांची असते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, म्हणूनच कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय नोंदींचे काम 1904 पासून अलिबागला हलवण्यास सुरुवात झाली. ट्रामच्या प्रवाहांत अशा नोंदी बिघडल्या असत्या. मुलांना आणखी एक दाखवता येईल: पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे 15 लाख किलोमीटरवरील आदित्य-एल1 यानाला सौर वाऱ्यातला बदल आधी जाणवतो आणि नेहमीच्या वेगाने तो तासाभराने पृथ्वीपाशी पोचतो. दोन्ही आलेख शेजारी ठेवून त्यांना हे वेळेचे अंतर स्वतः मोजू द्यावे.