केळकर संग्रहालय दोन तासांत: नववीच्या मुलांना नेमकं काय दाखवावं?

निळीशाई
पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नववीची २४ मुलं न्यायची आहेत. हाताशी जेमतेम दोन तास. सगळी दालनं उरकावीत की मोजकंच दाखवावं? वहीत काय टिपायला सांगू?

जुनंपितळ
उरकू नका. संग्रह २०,०००च्या वर, मांडलेल्या वस्तूच अडीच हजारांच्या घरात. दिवे, अडकित्ते, वज्र्या एवढंच धरा. सहा-सहाचे गट करा, नाहीतर कपाटापुढे मागच्यांना फक्त पाठी दिसतात.

अडकित्त्यात घोडा, पोपट, जोडपं बघून मुलं पुढे सरकतात. त्यांना पात्याकडे वळवा. अंग पितळेचं असलं तरी पातं लोखंडी का? पितळेला धार टिकत नाही. सुपारी खिळीच्या, म्हणजे दोन्ही भाग जिथे जोडलेत त्या सांध्याच्या, जवळ का धरायची? तिथे जोर जास्त मिळतो. खीळ ढिली झाली की पातं नीट बसत नाही आणि खांडाऐवजी चुरा पडतो.

वज्री म्हणजे टाचा घासायची. खरखरीत तळच तिचा कामाचा भाग, पण मांडणीत नेमका तोच खाली दडतो. आधी सांगून ठेवा.

लामणदिवा
दिव्यांत पक्ष्याचा टांगता दिवा दिसला तर थांबाच. अशा काही दिव्यांत तेल पक्ष्याच्या पोटात असतं. खालच्या ताटलीतलं तेल उतरलं की पोटातून ताटलीत उघडणारं भोक उघडं पडतं, हवा आत शिरते, तेल गळतं. पातळी चढून भोक बुडलं की गळणं थांबतं. पोटाचं बूच सैल असेल तर हवा वरूनच शिरते आणि सगळं तेल ताटलीबाहेर. विज्ञानाचा तासच तो!

जुनंपितळ
वहीत चारच रकाने: वस्तू, धातू किंवा लाकूड, हातात कुठे धरायची, झीज कुठे. चौथा सर्वांत महत्त्वाचा. पेन नको, पेन्सिल.

कोथरूडकर
मस्तानी महाल शेवटी ठेवा, नाहीतर मुलं तिथेच रेंगाळतील. तो कोथरूडहून सुटा करून आणून इथे पुन्हा उभारलेला आहे, हे आधी सांगा. नाहीतर मस्तानी याच इमारतीत राहायची असं वहीत येतं.

फोटोची परवानगी तिकीट खिडकीवरच विचारा. मिळाली तर फ्लॅश बंद, आणि फोन तिरका धरून काचेतली चमक चुकवा.