मदत हवी आहे: नाटकाच्या वर्कशॉपमध्ये कोणी रडायला लागलं तर?
नमस्कार मंडळी, अमळनेरजवळच्या एका गावात बचत गटाच्या बायकांसाठी नाटकाचं वर्कशॉप घेतेय, स्टेजबिज काही नाही, नुसतं मोकळं व्हायला. स्वतःबद्दल बोल म्हटलं की "नही वं माय" करत पदर तोंडावर, पण तिलाच सासूचा रोल द्या, कमरेवर हात ठेवून अशी सुटते की विचारू नका! आता ब्राझीलचा नाटककार-दिग्दर्शक ऑगस्टो बोआल याचं फोरम थिएटर करायचंय, म्हणजे प्रसंग अडला की बघणारीनेच उठून पात्राची जागा घ्यायची आणि वेगळं काही करून बघायचं. पण मागच्या वेळी एकजण रोलमध्येच रडायला लागली, सगळ्या गप्प. तेव्हा खेळ थांबवायचा का? रोलमधून बाहेर कसं काढता तुम्ही? अहिराणीत कोणी घेतलं असेल तर प्लीज सांगा, पुस्तकी मराठीत सगळं शाळेसारखं होतं.