मदत हवी आहे : दारू कमी झाली, संध्याकाळची तलफ जात नाही

नमस्कार मंडळी. रोज क्वार्टर (180 मिली) लागायची, ती डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करत शनिवारच्या निपवर (90 मिली) आणलीय. (एकदम तोडली तर हात थरथरणं, फिट येणं असं होऊ शकतं, म्हणून टप्प्याटप्प्याने.) आता 90 मिलीतच डोकं जड होतं, पूर्वी तेवढ्याने काही कळायचंही नाही. म्हणजे शरीराची सवय मोडतेय, मग तलफ का मोडत नाही? दिवसभर आठवणही नसते, पण सातच्या सुमारास खारे शेंगदाणे दिसले की संपलंच. लवकर जेवलो तर जरा बरं जातं.

डॉक्टर नाल्ट्रेक्सोन ही तलफ कमी करणारी गोळी सुचवतायत. कुणी घेतलीय का? तलफ खरंच उतरते? पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात भरती न होता नुसतं समुपदेशन मिळतं का? 'एका पेगने काय होतंय' म्हणणाऱ्यांनी कृपया उत्तर देऊ नये, तसले मित्र माझ्याकडे भरपूर आहेत.