बर्डीची म्हणे 'उत्क्रांती'!

सायन्सवाली_ताई : काल इथे नागपूरच्या सीताबर्डीवर, म्हणजे बर्डीवर, एक पोस्ट फिरत होती, 'बर्डीची उत्क्रांती : बैलगाडीपासून मेट्रोपर्यंत'. लोक टाळ्या वाजवताहेत. बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय, राहवलं नाही. उत्क्रांती बर्डीची होत नाही, एकट्या माणसाचीही नाही. ती होते सजीवांच्या समूहाची, पिढ्यान्‌पिढ्या. आणि ती 'वर'च जाते असं नाही. अंधाऱ्या गुहेतल्या माशांचे डोळे गेले, तीही उत्क्रांतीच. मेट्रो आराखडा आखून, कर्ज काढून बांधली. त्याला विकास म्हणा. दरवर्षी पोरं पेपरात लिहितात, 'माकडाची प्रगती होऊन माणूस झाला'. ते कुठून शिकतात, तर असल्या पोस्टींतून.

बर्डीवाला_भाऊ : पोस्ट माहीच आहे ताई. काऊन एवढ्या तापून राहिल्या? खुद्द डार्विनच्या १८५९ च्या पुस्तकात, पहिल्या आवृत्तीत, 'इव्होल्यूशन' शब्द नव्हता. अगदी शेवटी 'इव्हॉल्व्ड' आलं तेवढंच. त्याचं त्याच्याविना भागलं, मंग तुमी शब्दाले कुंपण काऊन घालता?

शांकरभाष्य : दोघंही चूक. ब्रह्मसूत्रात 'उत्क्रान्तिगत्यागतीनाम्' असं सूत्र आहे. तिथे उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडून जाणं. म्हणजे भाऊंनी बर्डीच्या निधनाची बातमी दिली. संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा शोधली की पटतं.

बर्डीवाला_भाऊ : 😂 बरं, तेराव्याले या.

सायन्सवाली_ताई : हसा. हिंदीत 'क्रमविकास' म्हणतात, त्यात तर 'विकास' उघडउघड घुसलाय. आपला शब्द निदान तेवढा तरी बरा होता, तोही तुम्ही नासवला.

कोथरूडकर७१ : मूळ प्रश्न राहू द्या. 'तापून राहिल्या' हे कुठलं मराठी? 'तापताय' म्हणा. सरळ हिंदीचं भाषांतर आहे हे.

बर्डीवाला_भाऊ : आले! कोणी बोलावलं बे यांले?

धंतोलीची_लेक : पुण्यात पहिल्याच मुलाखतीत मी 'काम करून राहिली आहे' म्हणाले. समोरचे तिघं एकमेकांकडे बघून हसले. नोकरी मिळाली, पण पुढची दोन वर्षं मी तोंड उघडण्याआधी वाक्य मनात धुऊन घ्यायची. हिंदीचं म्हणता? १९५६ पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, कचेरीत आणि बाजारात दोन्ही भाषा होत्या. शेजारणीचा गुण लागणारच. तुमच्या मराठीत फारसी किती आहे ते मोजा आधी. 'कागद', 'दरवाजा', 'हुशार' परत करा.

कोथरूडकर७१ : मी व्याकरणाबद्दल बोलत होतो, कुणाला हिणवायचं नव्हतं. पण बोलीत चालतं ते लेखनात चालत नाही.

धंतोलीची_लेक : ते तिघंही हेच म्हणाले होते.

सायन्सवाली_ताई : धागा माझा होता. पण कोथरूडकर, तुम्हाला आवडणार नाही असं एक सांगते. हळूहळू चाललेल्या, न संपलेल्या बदलाला 'होऊन राहिलं' इतकं नेमकं रूप मला प्रमाण मराठीत सापडत नाही. आणि हो भाऊ, पूर्वीचे लोक 'उत्क्रांती' संस्थांना, समाजालाही लावत, ते मान्य. नाइलाजाने.

बर्डीवाला_भाऊ : मेहेरबानी! शीर्षक बदललं : 'बर्डी बदलून राहिली'. आता खुश?

सायन्सवाली_ताई : शब्द ठीक. पण तो बैलगाडीचा फोटो बर्डीचा नाही, नागपुरातल्याच महाल भागातला आहे.