लिंटरच्या रिपोर्टात लाइन आणि कॉलम कुठं घालायचं?

हळदपेठकर (सांगली)
मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो आम्ही, पायथनमध्ये. आमचे काही नियम ठरलेत, म्हणजे पैशाच्या हिशोबात फ्लोट (दशांशाचा अंदाजे आकडा) वापरायचा नाही वगैरे, ते तपासायला पायथनचंच एएसटी मॉड्यूल (कोडचं झाड करून देणारं) वापरून छोटं लिंटर (कोडमधल्या चुका शोधणारा प्रोग्राम) लिहिलंय. रिपोर्ट टेक्स्ट नाहीतर जेसनमध्ये येतो पण त्यात फाइलचं नाव आणि मेसेज एवढंच, मग हजार ओळींच्या फाइलीत बसा शोधत. आता चुका गिटलॅबच्या मर्ज रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडात घ्यायच्या विनंतीत) दिसायला पाहिजेत आणि दुसऱ्या टीमला चेकस्टाइल या लिंटरच्या स्वरूपातलं एक्सएमएल पाहिजे. प्रत्येक फॉर्मॅटरमध्ये (रिपोर्ट त्या त्या स्वरूपात लिहिणाऱ्या कोडात) लाइन शोधायचा कोड टाकू का मेसेजच्या मजकुरातच "ओळ ४२" चिकटवून देऊ?

कंदी_पेढा (सातारा)
मेसेजमध्ये अजिबात चिकटवू नको भावा, नंतर कुणीतरी रेजेक्स लावून ते परत बाहेर काढत बसणार. जागा ही एररचा भाग आहे, फॉर्मॅटरचा नाही. चूक जिथं सापडते तिथंच नोडकडून (एएसटीच्या झाडातल्या त्या तुकड्याकडून) चार आकडे उचल, सुरुवातीची लाइन-कॉलम आणि शेवटची लाइन-कॉलम (शेवटचे दोन पायथन ३.८ पासून मिळतात), आणि एररच्या ऑब्जेक्टमध्ये ठेव. फॉर्मॅटरनं त्यातलं आपल्याला लागेल तेवढं घ्यायचं. चेकस्टाइलमध्ये लाइन आणि कॉलम बसतं, शेवट सांगायला जागाच नाही, तिथं सोडून दे. गिटलॅबला लोकेशनमध्ये पाथ आणि सुरुवातीची लाइन दिली की झालं, फक्त पाथ रेपोच्या मुळापासून दे, पुढं डॉट-स्लॅश नको. सगळंच्या सगळं पाहिजे असेल तर सारिफ २.१.० बघ, असल्या टूलच्या रिपोर्टासाठी ओॲसिस संस्थेचं स्टँडर्ड आहे, जेसनच आहे पण लय पसारा, एवढ्याशा लिंटरला मी तरी आधी ते घेणार नाही.

मिरज_जंक्शन
वरचं बरोबर आहे पण खरी गंमत कॉलममध्ये आहे आणि ती आपल्यासारख्यांनाच जास्त चावते. एएसटीमध्ये लाइन १ पासून मोजतात पण कॉलम ० पासून, आणि तोही अक्षरांत नाही, यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) च्या बाइटमध्ये!! इंग्रजी कोडवर काही कळत नाही. पण एखाद्या ओळीत "सांगली" अशी स्ट्रिंग आली आणि चूक तिच्या पुढं असली की गेलं, कारण सांगली म्हणजे ६ कोड पॉइंट (युनिकोडमधली सुटी अक्षरं, काना-मात्रा) पण १८ बाइट, म्हणजे कॉलम सरळ १२ नं पुढं सरकतो. तुझ्या बिलात तर गावांची, मालाची नावं मराठीतच असणार की. त्यामुळं ती ओळ आधी बाइटमध्ये एन्कोड कर, कॉलमइतके बाइट काप, परत डीकोड करून लांबी मोज, हा झाला खरा कॉलम. सारिफला द्यायचा तर त्यात १ मिळव. शेवटचा कॉलम पण तसाच, कारण दोन्हीकडं तो शेवटच्या अक्षराच्या पुढचा धरतात. आणि सारिफमध्ये कॉलम-काइंड म्हणून फील्ड आहे, तिथं कोड पॉइंट मोजलेत का यूटीएफ-१६ ची युनिटं ते लिही. देवनागरीला दोन्ही आकडे सारखेच येतात पण इमोजी आला की फरक पडतो. उद्या एडिटरसाठी लँग्वेज सर्व्हर (एडिटरला चुका पुरवणारा प्रोग्राम) केलास तर तिथं लाइनसुद्धा ० पासून, तेव्हा परत डोकं फिरेल.

हळदपेठकर (सांगली)
आईशप्पथ, बाइटचं खरंय, "हळद राजापुरी" असलेल्या ओळीवर करून बघितलं, कॉलम ओळीच्या लांबीच्याही बाहेर गेलाय 😂 दादा अजून एक, काही नियम आख्ख्या फाइलला आहेत, फाइल लय मोठी झाली वगैरे, त्यांना लाइन काय देऊ, ०?

कंदी_पेढा (सातारा)
० नको, सारिफमध्ये लाइन किमान १ लागते, ० टाकलास तर फाइलच इनव्हॅलिड. तुझ्या ऑब्जेक्टमध्ये नन (म्हणजे काहीच नाही) ठेव. सारिफमध्ये रीजन (फाइलीतली जागा) गाळून नुसती फाइल देता येते, गिटलॅबला मात्र लाइन लागतेच, तिथं १ दे. आणि हो, गिटलॅबला प्रत्येक चुकीचा फिंगरप्रिंट (ती चूक ओळखायची खूण) पण लागतो, त्यात लाइन नंबर मिसळू नकोस, नाहीतर वरती कुणी एक इम्पोर्ट वाढवला की खालच्या सगळ्या जुन्या चुका नव्या म्हणून दिसतील. फाइल, नियमाचं नाव आणि त्या ओळीचा मजकूर यांचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक कोड) कर, तीच ओळ फाइलीत दोनदा आली तर कितवी ते पण धर.