चौकशीसाठी नेले, पण नोंद कुठेच नाही : दाद कुठे मागायची?

गोदाकाठ (पंचवटी, नाशिक)
आमच्या भागातील एका पारधी वस्तीत मी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते. जवळच्या कॉलनीत घरफोडी झाली की रात्री पोलिसांची गाडी येते, ‘साहेबांनी बोलावले आहे’ एवढेच सांगून दोन-तीन तरुणांना नेले जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडून दिले जाते. मागच्या खेपेला परतलेल्या मुलाला पाऊल टेकवत नव्हते, तरीही त्याला नेल्याचा एकही कागद नाही. ठाण्यात विचारले, तर ‘आम्ही कुणाला आणलेच नव्हते’ असे उत्तर मिळाले. अमेरिकेत पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्याने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा मृत्यू झाला, तेव्हा त्या पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा झाली. आपल्याकडे कॅमेऱ्यासमोर काहीच घडलेले नसताना जबाबदारी निश्चित करायची कशी? आणि वंश व जात यांची अशी तुलना करणे योग्य आहे का?

कोर्टवाला
ताई, त्या प्रकरणातील एक तपशील तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस पोलिसांनी दिलेल्या पहिल्या निवेदनात फ्लॉइड यांच्या मानेवरील गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. प्रकृती बिघडल्याने मृत्यू झाला, असा त्याचा सूर होता. रस्त्यावरच्या एका सतरा वर्षांच्या मुलीने केलेले चित्रीकरण समोर आल्यावर ते निवेदन टिकले नाही, आणि २०२१ मध्ये गुडघा दाबणाऱ्या डेरेक शॉविन या पोलीस अधिकाऱ्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे पुरावा पोलिसांच्या ताब्याबाहेर होता, म्हणून खटला उभा राहिला.

आपल्याकडे कायदा कमी नाही. साक्षीदार म्हणून बोलवायचे असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास-अटकेची पद्धत ठरवणारा कायदा) कलम १७९ नुसार लेखी आदेश लागतो, आणि अटक केली असेल तर अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. अटक केलेल्यांची नावे ठाण्यात ठळकपणे लावण्याची तरतूद कलम ३७ मध्ये आहे. ‘साहेबांनी बोलावले आहे’ हा प्रकार या दोन्हींत कुठेच बसत नाही, आणि तो वापरला जातो तो नेमका त्यामुळेच.

निवृत्त हवालदार
तीस-बत्तीस वर्षे खात्यात काढली, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. घरफोडीचा तपास लागत नाही, वरून रोज विचारणा होते, आणि मग ठाण्यातील जुनी यादी उघडली जाते. यादीत कोण असते, हे सांगायला नको. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की, केवळ मागास किंवा वंचित समाजातला आहे म्हणून निरपराध माणसाचे नाव हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे ठाण्याच्या सराईतांच्या नोंदीत, यांत्रिकपणे चढवता कामा नये. तरीही हाताखालच्या माणसाला ती यादीच सोयीची वाटते.

‘आणलेच नव्हते’ हे उत्तर वाटते तितके भक्कम नसते. गाडीचे लॉगबुक असते, स्टेशन डायरी म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही असते. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा आणि निरीक्षकांची खोलीसुद्धा सीसीटीव्हीखाली हवी, आणि चित्रीकरण अठरा महिने, यंत्रणा तोकडी असल्यास किमान एक वर्ष जपून ठेवायला हवे. गाडी वस्तीतून निघताच कुटुंबाने ११२ वर फोन करावा. त्या फोनची वेळ ठाण्याबाहेर नोंदली जाते.

विमुक्त
हवालदारसाहेब, तुमचा सल्ला चांगला आहे, पण ११२ वर फोन केला की त्याच ठाण्याची गाडी दारात येते, हे आमच्या वस्तीतल्या बायकांना पाठ आहे. फोन कुणी केला, याचीच चौकशी आधी होते.

तुलनेबद्दल मला विचाराल, तर आमच्याकडे संशय माणसावर नंतर येतो, जमातीवर आधी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींत जन्माला येणे हाच गुन्हा ठरवला; तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केलाच. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास गुलामगिरीचा आहे, आमचा वेगळा आहे, आणि या दोहोंची सरमिसळ करू नये असे मला वाटते. पोलीस तेवढे दोन्हीकडे चेहरा पाहून थांबवतात.

गोदाकाठ
विमुक्त यांचा मुद्दा पटतो. मग फोन वस्तीतून न जाता माझ्या नावाने गेला तर? आणि त्या मुलाच्या बाबतीत आता उशीर झाला आहे का?

कोर्टवाला
तुमच्या नावाने जरूर करा. त्याच रात्री पोलीस आयुक्त कार्यालयाला ईमेल पाठवा. त्यात मुलाचे नाव, नेल्याची वेळ, गाडीचा क्रमांक आणि नेणाऱ्यांचे वर्णन एवढेच असावे, आरोप नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे.

त्या मुलाला उद्याच जिल्हा रुग्णालयात न्या. जखमा कशाने झाल्या हे डॉक्टरांना त्यानेच सांगावे आणि केसपेपरवर ते तसेच लिहिले आहे ना, हे तिथेच वाचून पाहावे. ‘पडल्याने’ असे लिहिलेला कागद पुढे आपल्याच विरोधात जातो. त्या रात्रीचे चित्रीकरण जपून ठेवावे, असा अर्ज आयुक्तांना देऊन पोच घ्या, आणि त्याची प्रत जोडून राज्य मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करा. घटनेपासून एक वर्षाची मुदत असते. आयोग ते चित्रीकरण स्वतः मागवू शकतो. मात्र त्याआधी मुलाच्या आईशी बोला, कारण अर्ज तुमचा असला तरी गाडी पुन्हा त्यांच्याच दारात येणार आहे, आणि त्यांची तयारी नसेल तर थांबा.