मदत हवी आहे : काकांच्या व्हिडिओ गेम पार्लरमधल्या १६२ कॅसेट, सात डबे आणि दोन बंदुका. काय करू?

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

सांगलीतलं आमचं जुनं घर विकलंय आणि दिवाळीच्या आत चावी द्यायची आहे. भांडी, कपाटं, देवघर सगळं मार्गी लागलं. गाडं अडलंय ते माळ्यावरच्या तीन ट्रंकांपाशी.

काकांनी १९९४ ते २००३ या काळात घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेम पार्लर चालवलं. चार टीव्ही, चार बाकडी, अर्ध्या तासाला तीन रुपये. शिवाय कॅसेट भाड्याने मिळायच्या, एका रात्रीचे पाच रुपये, डिपॉझिट वेगळं. टीव्हीला जोडायचे हे सगळे डबे म्हणजे निनटेंडोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या गेम-यंत्राच्या नकला. अर्थात तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? आमच्यासाठी तो ‘टीव्ही गेम’ होता. मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर, सर्कस, टँकवाला गेम, आणि ‘९९९९९९ इन १’ लिहिलेली ती कॅसेट, जिच्यात तेच वीस-पंचवीस गेम फिरून फिरून यायचे.

काका शिस्तीचे. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर काळ्या मार्करने नंबर, तोच नंबर रजिस्टरमध्ये. दारामागे पुठ्ठ्यावर सूचना होती, ‘कॅसेटमध्ये फुंकणाऱ्यास १ रुपया दंड’. तेव्हा आम्ही हसायचो. फुंकरीतल्या ओलाव्याने कॅसेटच्या पिनांच्या पट्ट्या खराब होतात हे मला पुढे कळलं. काका स्वतः शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पट्ट्या पुसायचे आणि वर्तमानपत्रावर ठेवून द्यायचे.

रजिस्टरमधली एक नोंद देतो म्हणजे अंदाज येईल : ‘क्र. ३७, रोड फायटर. परत आली. आत बॅटमॅन निघाला.’ पोरं स्क्रू काढून आतली पाटी (सर्किट बोर्ड) बदलायची आणि चांगला गेम घरी ठेवून घ्यायची! तेव्हापासून काकांनी प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायला सुरुवात केली. काकूंचं लाल नेलपॉलिश. ते ठिपके अजून आहेत.

आता माझा भाग. २००९-१० मध्ये कंपनीने मला योकोहामाला पाठवलं होतं. शनिवारी टोकियोच्या अकिहाबारात भटकायचं आणि जुने गेम उचलायचे, हा एकच छंद. तिथे पहिल्यांदा खरा फॅमिकॉम पाहिला, लाल-पांढरा, कंट्रोलर वायरीने डब्यालाच जोडलेले, दुसऱ्या कंट्रोलरवर चक्क माइक. घेतला. त्यावर ३४ मूळ कॅसेट, एक सुपर फॅमिकॉम, एक जुना करडा गेमबॉय. परत आल्यावर सहज म्हणून काकांची कॉन्ट्रा त्या जपानी यंत्रात घातली. खट्‌कन बसली आणि चालू झाली. दोन्हीकडे ६० पिनाच असतात, त्यामुळे बसणारच होती, पण त्या रात्री मी आणि काका दीड वाजेपर्यंत खेळलो. जादा जीव मिळवायची ती बटणांची युक्ती, वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए. काकांची बोटं विसरली नव्हती.

त्यानंतर पंधरा वर्षांत सगळं मिळून चार वेळा बाहेर काढलं असेल. तेव्हा भावनेच्या भरात ‘जपून ठेव’ म्हणू नका, मी पुण्यात ५८० चौरस फुटांत राहतो.

माल असा आहे. काकांच्या बाजूला सात डबे (तीन चालतात), १६२ कॅसेट, टीव्हीवर नेम धरायच्या दोन खेळण्यातल्या बंदुका आणि २१ इंची जाडजूड टीव्ही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा या ट्रंका खालच्या खोलीत होत्या. दोन ट्रंका बुडाल्या. चाळीसेक कॅसेटच्या आत अजून गाळ आहे. माझ्या बाजूला वर सांगितलेलं जपानी सामान. फॅमिकॉममधून एव्हीची वायर बाहेर काढलेली आहे, कारण त्याचा अँटेनाचा सिग्नल जपानी चॅनेलवर येतो आणि आपल्या टीव्हीला तो लागत नाही.

एका विक्रेत्याने येऊन पाहिलं. जपानी सामानाचे एकगठ्ठा बारा हजार म्हणाला. काकांच्या ट्रंकांकडे बघून म्हणाला, ‘हे प्लास्टिक आहे, वजनावर जाईल.’ भाच्याने त्याच दिवशी कुठेतरी वाचलं की मारिओची कॅसेट कोटींत गेली, त्यामुळे घरात आता दोन तट पडलेत. काका ७३ वर्षांचे आहेत. ते म्हणतात, ‘काय करायचंय ठेवून? घाल की भंगारात.’ पण हे म्हणताना ते माळ्याकडे बघत नाहीत.

माझे प्रश्न :
सगळं एकत्र एकाच माणसाला द्यावं की सुटं विकावं? काकांच्या मालाला खरंच काही किंमत नाही का? संग्रहालयं असलं काही घेतात का? आणि पुरातल्या कॅसेटचं काय करायचं?

---

प्रतिसाद १

विकू नका हो!! आमच्याकडे मिरजेत असंच एक पार्लर होतं. मुस्तफा खेळायला दप्तर ठेवून पळायचो. (मुस्तफा म्हणजे नाणं टाकायच्या मशिनवरचा गेम, टीव्ही गेम नव्हे, माहीत आहे.)

---

प्रतिसाद २

आधी भाच्याचा गैरसमज दूर करा. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक प्रत अमेरिकेत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली हे खरं आहे. पण ती कधीही न उघडलेली, वेष्टनासकट, दर्जा तपासून प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद केलेली होती. तुमच्या कॅसेटचा आणि तिचा संबंध नेलपॉलिशपुरताही नाही.

जपानी सामानाबद्दल. बारा हजाराला हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका, आधी यादी करा. प्रत्येक कॅसेटचा पुढून-मागून फोटो, खोका आहे का, पुस्तिका आहे का. किंमत बघताना लोक किती मागतायत ते बघू नका, प्रत्यक्षात किती रुपयांना विकली गेली ते बघा. मागणारा काहीही मागतो. ३४ मधल्या पाच-सहा कॅसेटच बहुतेक निम्मी किंमत ओढून नेतील. मारिओ आणि बेसबॉल जपानमध्ये ढिगाने मिळतात. एव्ही काढलेला फॅमिकॉम खेळणाऱ्याला सोयीचा, पण मूळ स्थितीतलाच हवा असा आग्रह धरणारा गिऱ्हाईक भाव पाडेल. तेव्हा खेळणाराच शोधा.

आणखी एक. ड्रॅगन क्वेस्ट ३ सारख्या कॅसेटमध्ये खेळ साठवायला आत बटणासारखी बॅटरी टाका मारून बसवलेली असते. १९८८ ची बॅटरी आता मेली असेल किंवा मरायला टेकली असेल. गिऱ्हाईकाला आधीच सांगा, नंतर कटकट नको.

---

प्रतिसाद ३

मी दुरुस्तीची कामं करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पुराच्या कॅसेट चालू डब्यात घालून बघू नका. पिनांमध्ये गाळ असला तर डबाही जाईल. स्क्रू काढा, पाटी बाहेर घ्या, मऊ टूथब्रश आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, दोन दिवस वाळवा. पाण्यात असताना त्यांना वीज नव्हती हे नशीब. शिवाय नकली कॅसेटमध्ये चिपवर काळ्या डांबरासारखा थेंब असतो ना, तो पाणी आत जाऊ देत नाही. स्वस्तात बनवायला केलेली युक्ती, इथे कामाला आली. चाळीसपैकी बऱ्याच उठतील असा माझा अंदाज आहे.

बंदूक आणि तो टीव्ही मात्र वेगळे करू नका. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग फक्त नेम धरायच्या बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं आहे. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, तेवढ्यात बंदुकीचं बघून झालेलं असतं. म्हणजे टीव्ही गेला की बंदूक खेळण्यातली झाली.

टीव्ही भंगारवाल्याला तर नकोच. तो काच फोडून तांबं काढतो आणि त्या काचेत शिसं असतं. द्यायचाच झाला तर ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्चक्रण केंद्रात द्या.

---

प्रतिसाद ४

मला वाटतं तुम्ही प्रश्नच चुकीच्या बाजूने धरलाय. तुमचा जपानी फॅमिकॉम किमती आहे पण दुर्मीळ नाही. जगभर हजारो लोकांनी तसाच जपून ठेवलाय. काकांच्या ट्रंकांना बाजारात भाव नाही, पण तसं दुसरं कुणाकडे आहे? नकली म्हणून कुणी ठेवलंच नाही. आपल्या पिढीने हाताळलेला गेम तो हाच, आणि तोच कचऱ्यात गेला.

शिवाय त्या कॅसेट सुट्या विकायच्या म्हटलं तरी अडचण आहे. त्या विनापरवाना प्रती आहेत, आणि अशा प्रती विकणं आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बसत नाही. मोठ्या विक्री-साइटही नकली माल काढून टाकतात. तेव्हा पैशांचा विचार तिथेच सोडा.

संग्रहालयांचं म्हणाल तर अमेरिकेत रॉचेस्टरचं ‘द स्ट्राँग’ आहे, बर्लिनमध्ये १९९७ पासून संगणक-खेळांचं संग्रहालय आहे, इंग्लंडमध्ये शेफील्डला आहे. पण थेट पार्सल पाठवू नका. आधी यादी आणि फोटोंसह पत्र लिहा, त्यांना काय हवं ते तेच सांगतील. आणि मी पैजेवर सांगतो, त्यांचा डोळा कॅसेटवर नाही, रजिस्टरवर जाईल. कुठल्या गावात, कुठल्या साली, कुठला गेम किती रात्री भाड्याने गेला याची हाताने लिहिलेली नऊ वर्षांची नोंद! २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांचा अभ्यास केला, तर ८७ टक्के तेव्हा बाजारात उपलब्धच नव्हते. ही गत अधिकृत खेळांची. नकलांची कोण मोजतो?

रजिस्टर आधी स्कॅन करा. पानं वेगळी करू नका, फोनने काढलेले सरळ फोटोही चालतील. मुलांची नावं आहेत, ती झाकून मगच कुणाला दाखवा. बहुगेमी कॅसेटच्या आतल्या पाट्यांचेही फोटो घ्या. एका गेमवरून दुसऱ्यावर जाताना मेमरी बदलायची प्रत्येक कारखान्याची युक्ती वेगळी असते, अभ्यास करणाऱ्यांना त्यातच रस असतो.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय, तेवढ्यात बरंच घडलं.

प्रतिसाद ३ प्रमाणे गेल्या रविवारी सांगलीत अंगणात प्लास्टिक अंथरून बसलो. पहिली पुरातली कॅसेट उघडली, तर गाळ वाळून आत बिस्किटासारखा कडक झालेला, पाटीचा ठसा उमटलेला. काका खुर्चीवरून बघत होते. तिसऱ्या कॅसेटला उठले आणि ‘तू स्क्रूचं डोकं घालवशील, इकडे दे’ म्हणत माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. संध्याकाळपर्यंत ४१ झाल्या. वाळल्यावर परवा एकेक लावून बघितल्या. २९ चालतात.

जपानी सामान सुटं न करता गेलं. पुण्यातल्याच एकाने घेतलं, स्वतः खेळणारा आहे, जुना टीव्ही बाळगून आहे. यादी हातात असल्यामुळे भाव बाराच्या बराच वर गेला, आकडा लिहीत नाही, भाचा वाचतो. फॅमिकॉम मात्र शेवटच्या क्षणी यादीतून काढला. हसा खुशाल.

काकांचे सात डबे, कॅसेट, बंदुका आणि टीव्ही एकत्रच ठेवायचं ठरवलंय. दोन संग्रहालयांना पत्रं गेली आहेत, उत्तराची वाट बघतोय. तोवर सामान आत्याकडे कुपवाडला, पहिल्या मजल्यावर.

रजिस्टर द्यायला काका तयार नाहीत. स्कॅन करू दिलं, तेही समोर बसून. मी पानं उलटत होतो तसतसे ते तारखा वाचत होते. शेवटचा नंबर १७१ आहे आणि हातात १६२, म्हणजे नऊ कॅसेट कधी परत आल्याच नाहीत. त्यातल्या आठ ‘सोडून दिल्या’ असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. ४४ नंबरपुढे मात्र काहीच नाही. अ‍ॅडव्हेंचर आयलंड, मे १९९८, डिपॉझिट पन्नास रुपये. नाव आहे, ते झाकलंय.

तेव्हा इथे कुणी सांगलीकर असेल, आणि घरात कुठे पाठीवर काळ्या मार्करने ४४ लिहिलेली, स्क्रूवर लाल ठिपका असलेली कॅसेट सापडली, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काकांनी निरोप दिलाय की उशिराचं भाडं माफ. डिपॉझिट मात्र परत मिळणार नाही.